समुद्र वाचावा कसा?

आपण अक्षरे वाचायला शिकलो. आता गाडीवरची पाटी आपल्याला वाचता येते. दुकानदाराचे बिल वाचता येते. पण कागदावर न लिहिलेलेही पुष्कळ काही वाचता येते. शेतकरी आभाळ वाचतो. आई मुलाचा चेहरा वाचते. वेसाव्याचा तांडेल समुद्र वाचतो. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. आज आपणही समुद्र वाचायला शिकू या.

आपण उपनगरात राहणारी माणसे. समुद्र आपल्याला लांब नाही. अंधेरीहून जुहू आणि वेसावे जवळ. मालाडहून मार्वे, अक्सा आणि मढ. मार्व्याहून होडीत बसले की मनोरी. बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई. घाटकोपरच्या माणसाला समुद्र पूर्वी दूर वाटे. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली. आता तो अर्ध्या तासात वेसाव्याकडे पोहोचतो. मुलुंडचा माणूसही घाटकोपरला उतरून त्याच गाडीने जातो. वेसावे आणि वर्सोवा ही एकाच गावाची दोन नावे आहेत.

रविवार आला की मुले हट्ट धरतात. आपण डबा बांधतो, मुलांना घेतो आणि निघतो. जावे, जरूर जावे. समुद्राचा वारा फुकट मिळतो, आणि मन ताजे होते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समुद्र रोज सारखा नसतो. सकाळी असतो तसा दुपारी नसतो. मागच्या रविवारी गुडघाभर पाणी होते, म्हणून या रविवारी तेवढेच असेल असे नाही.

१२ जून २०२३ रोजी जुहूच्या समुद्रात चार मुलगे बुडाले. त्या दिवसांत अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचे चक्रीवादळ होते. ते मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर होते. ते मुंबईवर आलेही नाही. १५ जूनला ते गुजरातेत कच्छच्या किनाऱ्यावर गेले. वादळ आले नाही, पण वादळाच्या लाटा आल्या. चार घरांतले दिवे गेले. म्हणून हा धडा नीट वाचा, आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा.

भरती आणि ओहोटी

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती. उतरते ती ओहोटी. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. मग पुन्हा पाणी चढू लागते.

हे पाणी कोण ओढते? मुख्यतः चंद्र ओढतो. थोडे सूर्यही ओढतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती फार मोठी होते, आणि ओहोटीही फार खोल जाते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकांना छेद देते. तेव्हा पाणी कमी चढते आणि कमी उतरते. त्याला भांग म्हणतात. मुंबईला उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्या वर जाते. साडेचार मीटर म्हणजे जवळजवळ पंधरा फूट. दोन माणसे एकावर एक उभी केली, तरी त्यांच्या डोक्यावरून पाणी जाईल.

भरतीची वेळ रोज बदलते. आज जेव्हा भरती आली, त्याच्यापेक्षा उद्या सुमारे पाऊण तास उशिरा येते. यावरून आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशोब चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वेळेला भरती. आपल्या आजोबांनी शाळेत पाऊणकी पाठ केली होती. ती इथे उपयोगी पडते.

आज चतुर्थी आहे. चार पाऊणे तीन. म्हणजे तीन वाजता भरती.

आज अष्टमी आहे. आठ पाऊणे सहा. म्हणजे सहा वाजता भरती.

आज द्वादशी आहे. बारा पाऊणे नऊ. म्हणजे नऊ वाजता भरती.

आज पौर्णिमा आहे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती.

एक भरती दिवसाची, एक रात्रीची. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब तोच. हा हिशोब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. नेमकी वेळ वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर मिळते. पण भिंतीवरचे कॅलेंडर ज्याला वाचता येते, त्याला निदान अंदाज तरी घरबसल्या येतो.

हा अंदाज कशाला हवा? एक उदाहरण घेऊ. गणपतीचे विसर्जन अनंत चतुर्दशीला होते. चौदा पाऊणे साडेदहा. म्हणजे रात्री साडेदहाच्या सुमारास भरती. संध्याकाळी पाच वाजता पाणी दूर गेलेले असते. वाळू लांबवर उघडी पडते. माणसे मूर्ती घेऊन आत आत जातात. पाणी मागून हळूहळू चढत असते. अंधार पडतो, गर्दी होते, ढोल वाजत असतात. परतताना पाहावे तर जिथे वाळू होती तिथे कमरेएवढे पाणी! समुद्र कुणासाठी थांबत नाही. २०२५ साली गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाचे विसर्जनसुद्धा भरतीमुळे कित्येक तास लांबले. लाखो लोक तिष्ठत राहिले. पाण्याने आपली वेळ सोडली नाही.

खडकांवरही असेच होते. मढला आणि वेसाव्याला किनाऱ्यावर काळे खडक आहेत. ओहोटीला त्यांवर चालत जाता येते. आपण फोटो काढत बसतो. पाठीमागच्या खळग्यात पाणी केव्हा भरले, ते कळत नाही. खडकावर शेवाळ असते. पाय सरकतो. म्हणून पाणी चढू लागले की उठायचं, आणि आधी वाळू गाठायची.

भरतीशी आपले नाते किनाऱ्यापुरतेच नाही. मुलुंड, भांडुप, घाटकोपर यांच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. तिथेही भरती चढते. शहरातले पावसाचे पाणी नाल्यांतून खाडीत जाते. भरती असली की नाल्याचे तोंड कोंडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरतीचे पाणी चढले. पावसाला जायला वाट उरली नाही. तो दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही.

लाट कुठून येते?

लाट वाऱ्याने उठते. वारा जितका जोराचा, तितकी लाट मोठी. वारा जितका वेळ वाहील, तितकी मोठी. आणि जितक्या लांबच्या पाण्यावरून वाहील, तितकी मोठी. अरबी समुद्र विशाल आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्यावरून दिवस दिवस वाहतो. म्हणून जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाटा उंच असतात. हिवाळ्यात तोच समुद्र निवांत दिसतो.

उठलेली लाट दूरवर प्रवास करते. वारा मागे राहतो, लाट पुढे येते. म्हणूनच आपल्या डोक्यावर ऊन असले, वारा पडलेला असला, तरी कुठल्या तरी लांबच्या वादळाची लाट आपल्या किनाऱ्यावर येऊन आपटू शकते. बिपरजॉयच्या वेळी तेच झाले. आभाळ पाहून समुद्राचा अंदाज बांधू नका. समुद्राकडे पाहूनच बांधा.

आणखी एक गोष्ट. लाटा सारख्या अंतराने येत नाहीत. त्या जथ्याने येतात. काही लहान लाटा येतात, मग तीन-चार मोठ्या येतात. मग पुन्हा लहान. दोन मिनिटे पाहून आपण म्हणतो, “काही नाही, लाटा बारीक आहेत.” तेवढ्यात मोठ्यांचा जथा येतो. म्हणून किनाऱ्यावर गेल्यावर लगेच उतरू नये. पंधरा मिनिटे नुसते बसून पाहावे. मुलांना तोवर खायला द्यावे.

जगात काही लोक फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येतात. या खेळाला सर्फिंग म्हणतात. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरचे लोक फार जुन्या काळापासून हा खेळ खेळत आले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तो प्रथम खेळला गेला. आपल्या देशात मंगळूरजवळ मुल्की येथे आणि चेन्नईजवळ कोवलम येथे हा खेळ शिकवतात. तिथे मच्छीमारांची मुलेही त्यात तरबेज झाली आहेत. जुहूचा किनारा उथळ आहे, पाणी गढूळ आहे, आणि पावसाळ्यातल्या लाटा एकमेकींवर आदळून फुटतात. तिथे हा खेळ रुजलेला नाही. पण हे खेळाडू एक गोष्ट करतात, ती आपण शिकण्यासारखी आहे. फळी घेऊन ते धावत पाण्यात जात नाहीत. आधी किनाऱ्यावर उभे राहतात. लाट कुठे फुटते, पाणी कुठून परत जाते, वारा कुठला आहे, हे पाहतात. समुद्र आज बरा नसेल तर फळी काखेत मारून घरी जातात. त्यांत त्यांना कमीपणा वाटत नाही. लाटेवर उभे राहणारा माणूस जर इतका जपून वागतो, तर ज्याला धड पोहता येत नाही त्याने किती जपावे!

ओढ : समुद्रातली नदी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समुद्रात माणूस बहुतेक वेळा लाटेमुळे बुडत नाही. परत जाणाऱ्या पाण्यामुळे बुडतो.

लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटतात. ते पाणी परत जायला हवे. ते सगळीकडून सारखे जात नाही. वाळूच्या उंचवट्यांमधून जिथे खोलगट वाट असते, तिथून ते जोराने परत जाते. समुद्रात जणू एक अरुंद नदीच वाहते. आपण तिला ओढ म्हणू. या ओढीचा वेग कधी कधी इतका असतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिच्याविरुद्ध येता येत नाही.

ओढ ओळखायची कशी? चार खुणा आहेत.

पहिली खूण : दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, पण मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही.

दुसरी खूण : तिथले पाणी शेजारच्या पाण्यापेक्षा गडद किंवा जास्त गढूळ दिसते.

तिसरी खूण : फेस, पाने, कचरा किनाऱ्याकडे न येता आत जाताना दिसतो.

चौथी खूण : त्या पट्ट्यात पाणी खळखळल्यासारखे, चुणचुणल्यासारखे दिसते.

पहिल्या खुणेत फसगत आहे. लाट फुटत नाही, म्हणजे जागा शांत दिसते. नवखा माणूस म्हणतो, “इथे बरं आहे, इथेच उतरू.” तो नेमका ओढीच्या तोंडात उतरतो.

अक्साच्या किनाऱ्यावर आजवर पुष्कळ माणसे बुडाली आहेत. किनारा दिसायला सुंदर आहे, वाळू मऊ आहे. पण तिथे ओढ जबर आहे. शिवाय वाळूत खड्डे पडतात. चार पावले गुडघाभर पाणी, आणि पाचव्या पावलाला पाय टेकत नाही. हे खड्डे एका जागी राहत नाहीत. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, पुढे परत आणून टाकतो. म्हणून “मी इथे लहानपणापासून येतो, मला जागा ठाऊक आहे,” असे म्हणू नये. जागा तीच असते, तळ बदललेला असतो. जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे तर ओहोटीच्या वेळी मुळीच उतरू नये. मनोरीच्या आणि वेसाव्याच्या खाडीतून पाणी तेव्हा धावत बाहेर जाते.

समजा, ओढीत सापडलो. मग काय करायचं?

घाबरायचं नाही. ओढ माणसाला खाली खेचत नाही. ती बाहेर नेते. किनाऱ्याच्या दिशेने सरळ हातपाय मारायचे नाहीत. त्याने दम संपतो, आणि दम संपला की माणूस बुडतो. पाठीवर पडून तरंगायचं. एक हात वर करून हाक द्यायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवे पोहायचं. ओढ अरुंद असते. थोडे आडवे गेले की तिच्या बाहेर पडता येते. मग लाटांबरोबर तिरपे किनाऱ्याला यायचं. पोहता येत नसेल तर नुसतं तरंगायचं. पुढे गेल्यावर ओढीचा जोर आपोआप ओसरतो.

पावसाळा, वादळ आणि बावटा

कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगत आले. समुद्राची त्यांना जितकी माहिती, तितकी कुणाला नाही. तरी तेच पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आहे, आणि समुद्रही खवळलेला असतो. पुढे श्रावणात नारळी पौर्णिमा येते. समुद्राला नारळ वाहतात, आणि मग होड्या पाण्यात लोटतात. ज्याचे पोट समुद्रावर आहे, तो दोन महिने समुद्रात जात नाही. मग आपण सहलीला गेलेल्यांनी त्याच दोन महिन्यांत पाण्यात शिरण्याचा हट्ट का धरावा?

अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः दोन हंगामांत होतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर. दुसरा पावसाळा संपल्यावर. १९४८ सालच्या नोव्हेंबरात मुंबईवर मोठे वादळ आले होते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले आणि रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून समुद्रातून गेले. त्याच वेळी खोल समुद्रात तेलविहिरींच्या कामावरचा पी-३०५ हा तराफा बुडाला. नौदलाने पुष्कळांना वाचवले, पण कित्येक कामगार दगावले.

वादळ येणार हे आता आधी कळते. भारतीय हवामान खाते इशारा देते. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मोठ्या लाटांचा इशारा देते. बंदरावर बावटा लावतात. दिवसा विशिष्ट आकाराच्या खुणा टांगतात, रात्री दिवे लावतात. या बावट्यांना १ ते ११ असे क्रमांक आहेत. क्रमांक १ आणि २ म्हणजे वादळी हवा दूर समुद्रात आहे. क्रमांक ३ आणि ४ म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका आता बंदरालाच आहे. पुढचे क्रमांक आणखी मोठ्या धोक्याचे. “तीन नंबरचा बावटा लागला,” असे बातमीत ऐकले, की त्या दिवशी चौपाटीवर जाण्याचा बेत रद्द करावा. लाटा बघायलासुद्धा जाऊ नये. कठड्यावर उभ्या माणसाला लाट ओढून नेते.

चौपाटीवर जीवरक्षक असतात, तिथे वेगळे बावटे असतात. तांबडा बावटा म्हणजे पाण्यात उतरू नका. वर तांबडा आणि खाली पिवळा असा दुरंगी बावटा म्हणजे इथे जीवरक्षकांची नजर आहे. उतरायचे तर अशा दोन बावट्यांच्या मधेच उतरावे. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की बाहेर यावे. “तू कोण मला सांगणारा?” असे म्हणू नये. तो आपल्याच घरच्यांसाठी ओरडत असतो.

मुशी, पाकट आणि निळी बाटली

समुद्र म्हटला की काहींना शार्कची भीती वाटते. सिनेमात दाखवतात तशी ती डोळ्यांपुढे येते. शार्कला आपण मुशी म्हणतो. अंधेरीच्या आणि बोरिवलीच्या मासळीबाजारात लहान मुशी विकायला येते. तिचे कालवण आपण खातो. मुंबईच्या समुद्रात जी मुशी सर्वांत जास्त सापडते, ती जेमतेम दोन-अडीच फुटांची असते. ती कोळंबी आणि बारीक मासे खाते. माणसाच्या वाटेला जात नाही.

सबंध जगात वर्षभरात, माणसाने न छेडता शार्कने चावा घेतल्याच्या घटना शंभराच्या आत असतात. बुडून मरणारी माणसे लाखांनी मोजावी लागतात. तरी घटना घडते, हेही खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एक तरुण मासे धरायला उतरला होता. शार्कने त्याच्या पायाला मोठी जखम केली. बुल शार्क नावाची जात खाडीत आणि गोड्या पाण्यातही शिरते. म्हणून गढूळ खाडीत, तिन्हीसांजेला, जिथे मासे साफ करून घाण टाकतात तिथे पोहू नये. मोठा मासा दिसलाच तर पाणी न उडवता, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश बाहेर यावे. रक्त येत असेल तर जखम घट्ट दाबून धरावी आणि इस्पितळ गाठावे.

व्हेल शार्क हा मासा तर चाळीस फुटांपर्यंत वाढतो, पण पाण्यातले अगदी बारीक जीव गाळून खातो. २००१ सालापासून त्याला कायद्याने संरक्षण आहे. तो जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याची भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१८ साली सुरू केली.

आपल्या किनाऱ्यावर मुशीपेक्षा दोन लहान जीवांना जपावे.

पहिला पाकट. हा चपटा मासा उथळ पाण्यात वाळूत दबून बसतो. त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. पाय पडला की तो काटा मारतो. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणेश विसर्जनाच्या वेळी पुष्कळ लोकांना पाकटांनी काटे मारले. उपाय सोपा आहे. पाण्यात पाय उचलून टाकू नये. पाय वाळूत घासत घासत चालावे. पाकट आधीच पळून जातो. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा. त्याने वेदना कमी होतात. काटा आत मोडला असेल तर स्वतः उपटू नये. डॉक्टरकडे जावे.

दुसरा जीव ब्लू बॉटल, म्हणजे निळी बाटली. पावसाळ्यात हे निळे, फुग्यासारखे जीव वाऱ्याने किनाऱ्याला लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूला त्यांनी अनेकांना डंख केला. फुग्याखाली लांब दोरे लोंबतात. डंख त्या दोऱ्यांत असतो. मुले फुगा समजून उचलतात. वाळूवर मेलेला पडला असला तरी हात लावू नये. डंख झाला तर चोळू नये, माती लावू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे. दोरा चिकटला असेल तर उघड्या हाताने न धरता काढावा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेकावे. श्वास लागला किंवा अंगावर सूज आली तर ताबडतोब डॉक्टर.

बुडणाऱ्याला कसे वाचवावे?

बुडणारा माणूस फार वेळा ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नाही, तर तो ओरडणार कसा? डोके मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला थापटत असलेले, असा तो दिसतो. लांबून वाटते, खेळतोय. म्हणून मुले पाण्यात असताना मोबाइलवर बोलत बसू नये. एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे पाहायचे, हे घरून निघतानाच ठरवावे.

कुणी बुडताना दिसला की एकदम उडी घेऊ नये. एकाला वाचवायला दुसरा जातो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. अशी एकाच घरातली माणसे जातात. आधी जीवरक्षकाला आणि कोळी बांधवांना हाक मारावी. दोर, बांबू, रिकामे डबे, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेकावे. लुगडे किंवा धोतर गाठी मारून दोरासारखे वापरता येते. फोन करावा. ११२ हा सगळ्या मदतीचा क्रमांक आहे. १०१ अग्निशमन दलाचा. १०८ रुग्णवाहिकेचा.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबू नये. त्याला उलटे टांगून फिरवू नये. त्यात मोलाचा वेळ जातो. तो श्वास घेतो का ते पाहावे. घेत असेल तर कुशीवर निजवावे. घेत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात व भरभर दाबावे. तीस वेळा दाबावे, दोनदा श्वास द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. हे काम वाचून पुरते येत नाही, शिकून घ्यावे लागते. आपल्या वस्तीत प्रथमोपचाराचा वर्ग निघाला तर घरातल्या एकाने तरी जावे.

विचारायला लाजू नये

किनाऱ्यावर मासळी सुकत घालणारी एखादी मावशी भेटेल. तिला विचारावे, “मावशी, आज पाणी कसं आहे?” ती मान हलवून म्हणेल, “आज नको उतरू बाबा, पाणी बरं नाय.” मग उतरू नये. कदाचित तिला लिहिता-वाचता येत नसेल. पण समुद्राच्या शाळेत ती आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या इयत्तेत आहे. आपण वाचायला शिकलो, म्हणून दुसऱ्याचे वाचन कमी लेखू नये.

आणि दारू पिऊन तर पाण्याजवळ फिरकूही नये. मित्रांनी कितीही डिवचले तरी पैज लावू नये. किनाऱ्यावर बसून भेळ खावी, मुलांना वाळूचा किल्ला करू द्यावा, सूर्य बुडताना पाहावा. समुद्राचा आनंद एवढ्यानेही मिळतो. समुद्र उद्याही तिथेच असणार आहे. आपण उद्या तिथे जाण्यासाठी आज घरी परतले पाहिजे.

करून पाहा

१. कॅलेंडरवर आजची तिथी पाहा. तिची पाऊणपट करा. आज भरती किती वाजता येईल ते सांगा. ओहोटी किती वाजता पुरी होईल?

२. दशमीला भरती किती वाजता येईल? एकादशीला त्याच्यापेक्षा किती उशिरा येईल?

३. उधाण आणि भांग यांत फरक काय?

४. आभाळ स्वच्छ असतानाही मोठ्या लाटा का येतात?

५. ओढ ओळखण्याच्या चार खुणा सांगा. ओढीत सापडल्यास काय करावे, ते घरातल्या मुलांना समजावून सांगा.

६. पाकटापासून बचाव होण्यासाठी पाण्यात कसे चालावे?

७. ११२, १०१ आणि १०८ हे तीन क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. तो कागद घराच्या दाराजवळ लावा.